खुराड्याचे दार: कोंबडीच्या घराची दोन हजार वर्षे

१/१२
परसात चार कोंबड्या पाळाव्यात असे मनात आले की पहिला प्रश्न उभा राहतो तो खुराड्याचा. लाकडी घ्यावे की लोखंडी? केवढे घ्यावे? कुठे ठेवावे? तयार खुराड्यांच्या जाहिराती बहुधा एकाच गोष्टीवर भर देतात: त्यात किती पक्षी मावतात. परंतु खुराड्याच्या इतिहासात ‘किती मावतात’ याहून ‘किती वेळ मावायचे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला आहे. त्या प्रश्नाची ही कथा.

२/१२
आरंभ रानात होतो. आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा. हा पक्षी दिवसभर जमीन उकरतो आणि अंधार पडण्यापूर्वी झाडाच्या फांदीवर चढून बसतो. कारण काळोखात त्याला फारसे दिसत नाही. थायलंडमधील बान नॉन वॉट येथील इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील हाडे पाळीव कोंबडीचा आजवरचा सर्वांत जुना खात्रीलायक पुरावा मानली जातात. माणसाने कोंबडीला घर दिले ते मुळात रात्रीपुरते. खुराडे म्हणजे त्या फांदीची जागा घेणारी वस्तू.

३/१२
खुराडे कसे असावे याविषयीचे सविस्तर लेखन रोमन ग्रंथांत सापडते. इ. स. पू. ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीच्या घरात असलेल्या वारोने शेतीवर ग्रंथ लिहिला. २०० कोंबड्यांसाठी त्याने पूर्वेकडे तोंड असलेल्या, एकमेकींना जोडलेल्या दोन खोल्या सांगितल्या: प्रत्येक सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद. खिडक्यांना काटक्यांची विणलेली जाळी असावी. तिच्यातून उजेड यावा, पण कोंबड्यांचे शत्रू आत येऊ नयेत.

४/१२
त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कोलुमेलाने हाच विषय अधिक बारकाईने मांडला. खुराडे हिवाळ्यातील सूर्योदयाच्या दिशेला असावे. ते स्वयंपाकघराला लागून असावे, म्हणजे धूर पक्ष्यांपर्यंत पोहोचेल. धूर त्यांना हितकारक असतो. बसण्याच्या दांड्या चौकोनी तासलेल्या असाव्यात, कारण गुळगुळीत गोल दांडीवर पक्ष्याचा पाय ठरत नाही. छपराखाली भिंतीलगत कोरडी धूळ आणि राख ठेवावी, म्हणजे पक्षी तिच्यात अंग घोळतील. पिसांतील उवा कमी करण्याचा कोंबडीचा हा स्वतःचा उपाय आहे आणि आजही परसातल्या कोंबड्यांना चुलीची राख त्यासाठीच आवडते.

५/१२
आता एक छोटासा हिशेब करू. वारोच्या दोन खोल्यांचे क्षेत्रफळ १०० चौरस फूट आणि पक्षी २००. म्हणजे एका कोंबडीच्या वाट्याला जेमतेम अर्धा चौरस फूट! आजच्या मापाने ही कोंडवाड्याची दाटी वाटेल. परंतु वारोने दारापुढे जाळीने वेढलेले एक अंगणही सांगितले आहे: दिवसा पक्ष्यांनी तेथे वावरावे, धुळीत लोळावे. खोली केवळ निजण्यासाठी होती. हा अर्धा चौरस फूट लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

६/१२
मराठी मुलखातील व्यवस्थाही याच तत्त्वावर उभी होती. दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, अंगणात चरणारी कोंबडी तिन्हीसांजेला घराच्या भिंतीलगतच्या दगडमातीच्या खुराड्यात शिरे किंवा बांबूच्या डालग्याखाली डालली जाई. मुंगूस, रानमांजर, साप यांच्यापासून रात्र निभावली की पुरे. ‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण याच डालग्याखालून निघाली आहे. झाकणे रात्रीचे, आणि उजाडले की उघडणे हे त्यात गृहीतच होते.

७/१२
एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १८४२ च्या नानजिंग तहानंतर चीनची बंदरे खुली झाली आणि तेथील धिप्पाड, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या इंग्लंडला पोहोचल्या. राणी व्हिक्टोरियाने विंडसर येथे कुक्कुटगृह उभारले. कोंबड्या पाळणे हा उच्चभ्रूंचा शौक झाला. याच सुमारास, १८४४ मध्ये, नॉरिच येथील चार्ल्स बार्नार्ड याने कापड विणण्याच्या यंत्रांवरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले. वारोच्या काटक्यांची जागा पुढे षटकोनी छिद्रांच्या स्वस्त जाळीने घेतली.

८/१२
थंड देशांतील पालकांची मात्र एक समजूत दृढ होती: पक्ष्याला ऊब हवी, म्हणून खुराडे घट्ट बंद हवे. बंद खुराड्यात श्वासाची वाफ आणि विष्ठेचा अमोनिया कोंडतो, ओल धरते आणि श्वसनाचे रोग बळावतात. क्षयरोगावर मोकळी हवा हाच उपचार मानला जाण्याच्या त्या काळात अमेरिकेत उघड्या दर्शनी बाजूची खुराडी पुढे आली. १९२४ मध्ये डॉ. प्रिन्स वुड्स यांनी त्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. तीन बाजू घट्ट, दक्षिणेची बाजू केवळ जाळीची. कोरडी कोंबडी थंडी सोसते, ओली कोंबडी सोसत नाही, हे त्यातले सार.

९/१२
परंतु त्याच दशकात इतिहासाने उलटे वळण घेतले. कोंडलेल्या पिल्लांचे पाय लुळे पडत, कारण साधी काच उन्हातील आवश्यक किरण अडवते. कॉड माशाच्या यकृताच्या तेलातील ड जीवनसत्त्वाने हा दोष दूर होतो असे आढळले. आता पक्ष्याला उन्हात सोडण्याची सक्ती उरली नाही. १९२३ मध्ये डेलावेअर राज्यातील सेसिल स्टील यांनी ५० पिल्ले मागवली, चुकून ५०० आली. त्यांनी ती ठेवून घेतली, वाढवून मांसासाठी विकली आणि त्या नफ्यातून अमेरिकेतील मांसल कोंबड्यांचा उद्योग आकाराला येऊ लागला. त्यांच्या आरंभीच्या खुराड्यांपैकी १६ फूट लांब आणि १६ फूट रुंद असे एक खुराडे आजही ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेले आहे.

१०/१२
पुढची पायरी तारेच्या पिंजऱ्यांची. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ या पुस्तकाने ब्रिटनमध्ये या व्यवस्थेकडे लक्ष वेधले. युरोपीय संघाने १९९९ मध्ये निर्देश काढून साध्या पिंजऱ्यात प्रत्येक कोंबडीस किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली आणि १ जानेवारी २०१२ पासून असे पिंजरे बंद केले. ५५० चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे अर्धा चौरस फूट, जवळपास वारोचेच माप! वारोच्या कोंबडीला तेवढी जागा रात्रीपुरती होती, पिंजऱ्यातल्या कोंबडीला जन्मभराची. माप फारसे बदलले नाही; सकाळी उघडणारे दार नाहीसे झाले.

११/१२
मग दार सदैव उघडेच ठेवावे काय? येथे आपल्याच भूमीवरील एक घटना आठवावी लागते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत घरगुती कोंबड्यांतही तो आढळला. रोग आटोक्यात आणण्यासाठी बाधित परिसरातील पक्षी सरसकट मारावे लागतात. ज्या घरात चार कोंबड्या म्हणजे बाईच्या हातातली अडीनडीची पुंजी, त्या घराचे तेवढेही राहत नाही. रानपक्ष्यांशी आणि त्यांच्या विष्ठेशी संपर्क टाळणे हा यावरील एक महत्त्वाचा उपाय. म्हणून साथीच्या दिवसांत पक्षी आतच ठेवावे लागतात.

१२/१२
खुराडे निवडताना म्हणूनच आधी ठरवावे: हे रात्रीचे घर आहे की दिवसाचेही? रात्रीचे असेल तर दांडीवर प्रत्येक पक्ष्यास ८ ते १० इंच जागा, पक्ष्यांच्या डोक्यावरून वाहणारी हवा आणि मुंगूस शिरणार नाही अशी अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी मुख्य. बार्नार्डची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर नव्हे. दिवसाचेही असेल तर आत ३ ते ४ चौरस फूट आणि बाहेर ८ ते १० चौरस फूट प्रत्येकी, वर छप्पर, बाजूंना बारीक जाळी, खाली कोरडी माती आणि राख, दाणापाणी आतच. साथ आली तरी पक्ष्याला उजेड, वारा आणि धूळ मिळत राहील. वारोचे जाळीने वेढलेले अंगण ते हेच. विक्रेता पक्ष्यांची संख्या सांगेल; त्याला विचारावे, रात्रीपुरती की अष्टौप्रहर?