ठेच्याची पूर्वपीठिका

पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीसारख्या अवर्षणी गांवांत ठेचा-भाकरी हें अनादि अन्न वाटतें. वस्तुतः मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपांत गेली व सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानांत आली. तत्पूर्वीं आपला तिखटपणा मिरें, पिंपळी व आलें यांचा. देशावर मिरें विकत आणावें लागे. मिरची मात्र परसांत रुजली आणि गरिबाच्या कोरड्या भाकरीस चव आली. भाजलेली मिरची, लसूण नि मीठ एवढ्यावर ठेचा सिद्ध होतो. आज दूरचित्रवाणीवरील पाककृतींत त्यास चीज, काजू, लोणी यांची जोड देतात. परकी मिरची स्वीकारणाऱ्यांनीं चीजचा विटाळ मानूं नये. परंतु ज्या पदार्थानें चव स्वस्त केली, तोच महाग करून दाखविणें म्हणजे त्याचा इतिहास विसरणें होय.