नंबर तोच, खोली वेगळी: पाइप आणि टाइपची गोष्ट

बदलापूर लोकलमध्ये एका पायावर उभं राहून ऐकत असाल तरी चालेल. आज कोड नाही, फक्त गोष्ट.

आधी उल्हासनगरचा पत्ता आठवा. १९४९ साली सिंधी निर्वासितांचं हे शहर वसलं, ते महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीत. म्हणून आजही पत्त्यात कॅम्प नंबर येतो, बराक नंबर येतो, मग खोली. नुसतं 'खोली नंबर ५' म्हटलं तर रिक्षावाला विचारणारच, "कुठल्या बराकीतली?" हा प्रश्न लक्षात ठेवा.

आता अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जाऊ. ऑक्टोबर १९६४. डग मॅकिलरॉय यांनी एका टिपणात सुचवलं, की बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडतो तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. कल्पना आठ वर्षं कागदावरच राहिली. जानेवारी १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला.

पाइप मागितला की युनिक्स दोन नंबर देतं, समजा ३ आणि ४. एकातून वाचायचं, दुसऱ्यात लिहायचं. हे नंबर म्हणजे डिस्क्रिप्टर. पण ते त्या एका प्रोसेसच्या तक्त्यातले असतात. शेजारच्या प्रोसेसला 'घे, ३' म्हणून उपयोग नाही, तिच्या बराकीतली ३ नंबरची खोली वेगळीच असते!

मग द्यायचा कसा? जुना मार्ग वारशाचा. फोर्क केलं की मुलाला आईच्या तक्त्याची नक्कल मिळते, नंबर तेच राहतात. दुसरा मार्ग १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आला. त्यात डिस्क्रिप्टर सॉकेटवरून पाठवता येतो आणि कर्नेल स्वतः समोरच्याच्या तक्त्यात नवी नोंद करतं. नंबर बदलतो, पाइप तोच राहतो.

पाइप आला त्याच सुमारास, तिकडे एडिंबरात रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी एमएल ही भाषा घडवत होते. तिचा आग्रह असा, की प्रत्येक गोष्टीला टाइप हवा आणि चूक प्रोग्रॅम चालण्याआधीच पकडली जावी. त्याच घराण्यातली पुढे ओकॅमल. हॅस्केलचा पहिला अहवाल १९९० चा.

या भाषांची युनिक्सशी गाठ पडली, तेव्हा त्यांनी साध्या आकड्यावर लेबल लावलं. ओकॅमलमध्ये त्याचा टाइप 'फाइल_डिस्क्र', हॅस्केलमध्ये 'एफडी'. आता डिस्क्रिप्टरच्या जागी चुकून कुणाचं वय दिलं, तर कंपायलर तिथेच अडवतो. छान ना?

पण भोकं राहिलीच. पहिलं म्हणजे पाइपच्या दोन्ही टोकांना टाइप एकच. वाचायच्या टोकात लिहायला गेलात तरी कंपायलर गप्प, गडबड कळते ती चालवल्यावर. दुसरं, लिहायचं टोक कुणीतरी बंद करायला विसरलं, की वाचणारा 'अजून काहीतरी येईल' म्हणून वाट बघत बसतो. ही चूकही टाइपला दिसत नाही.

तिसरं सगळ्यात मोठं. एक्झेक करून नवा प्रोग्रॅम सुरू केला, तर डिस्क्रिप्टर उघडा राहू शकतो. पण 'तुझा नंबर ५' हे त्याला सांगायचं कसं? बऱ्याचदा साध्या मजकुरात! दारातच लेबल गळून पडतं. ओकॅमलच्या नेहमीच्या युनिक्स लायब्ररीत आकड्यापासून पुन्हा डिस्क्रिप्टर करायची सोय नाही. म्हणून लोक 'ऑब्ज.मॅजिक' वापरतात. नावातच जादू! अर्थ एवढाच, 'कंपायलर, डोळे मीट.' आणि पाइपातून जातात ते नुसते बाइट. पलीकडे त्यांचा अर्थ काय लावायचा, याची हमी पाइप देत नाही.

म्हणजे टाइप खोटा का? नाही. त्याचा शब्द आपल्या बराकीपुरता खरा. उंबरठा ओलांडला की आलेला माल पुन्हा तपासायचा, ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची.

आणि हे जुनंपुराणं नाही हं! अँड्रॉइडवर गॅलरीतला फोटो दुसऱ्या ॲपला शेअर करता, तेव्हा बहुतेक वेळा असाच एक डिस्क्रिप्टर या ॲपमधून त्या ॲपकडे जातो. मध्ये बसलेला 'बाइंडर' त्याला तिकडच्या तक्त्यातला नवा नंबर देतो. कुठल्या बराकीतली खोली, हे विचारणारा रिक्षावाला तुमच्या खिशातच आहे.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर मित्रांना पाठवा, डिस्क्रिप्टरसकट! भेटू पुढच्या भागात.