आवृत्ती कोणती, छपाई कोणती?

मराठी पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठामागे ‘आवृत्ती’ हा शब्द ज्या सढळ हाताने वापरला जातो, त्याला तोड नाही. अक्षराचाही फेरफार न करता पुन्हा छापले तरी ‘दुसरी आवृत्ती’, आणि लेखकाने निम्मा ग्रंथ नव्याने लिहिला तरी ‘दुसरी आवृत्ती’च! प्रकाशकाचे तेवढ्यावर भागते. ग्रंथपालाचे भागत नाही.

खिळ्यांच्या काळी हा भेद छापखान्यातच ठरत असे. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून परत ज्याच्या त्याच्या घरात टाकीत. पुस्तक पुन्हा हवे झाले तर जुळाऱ्याने सारा मजकूर नव्याने जुळवायचा. नव्या जुळणीबरोबर नव्या चुकाही यायच्या. म्हणून नवी जुळणी ती नवी आवृत्ती, आणि त्याच जुळणीवरून मागाहून काढलेल्या प्रती ही नुसती पुढची छपाई, असा संकेत रूढ झाला. पुढे ओतीव ठसे आले, छायाचित्रावरून छपाई होऊ लागली, आणि शंभर वर्षांपूर्वीचे पान जसेच्या तसे कोऱ्या कागदावर उतरू लागले.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचेच पाहा. पहिली आवृत्ती १८३१ची. सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात सरकारसाठी छापली गेली. तिचेच शुद्ध केलेले पुनर्मुद्रण पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढले. सूचीपत्रावर नुसते ‘१९७५’ लिहिले की अभ्यासक १८५७चा शब्दार्थ विसाव्या शतकाचा म्हणून मांडणार. चूक थोडीथोडकी नव्हे, ११८ वर्षांची. मुंबई-ठाणे आगगाडी धावू लागली १८५३ साली, म्हणजे पहिल्या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान. आगगाडीबरोबर आलेले शब्द कोशात शिरले की नाही, हे पाहणाऱ्याला १८३१ आणि १८५७ हीच साले हवीत.

अँग्लो-अमेरिकन सूचीनियमांप्रमाणे त्याच प्रकाशकाच्या प्रत्येक नव्या छपाईला सहसा वेगळी नोंद देत नाहीत. ते योग्यच, नाहीतर खपणाऱ्या एकेका कादंबरीपायी सूचीचे खण भरून जातील. प्रकाशक बदलला तर मात्र नवी नोंद करून मूळ छपाईची टीप द्यायची. आपल्याकडे टीप लिहिण्याचाच कंटाळा!

शिवाय ‘शुद्ध केलेले’ या दोन शब्दांत मोठी गोम आहे. आवृत्ती तीच, पण मजकूर तंतोतंत तोच नव्हे, असे ते शब्दच सांगतात. पत्रावर ते उतरले नाहीत तर जिल्द निसटलेली १८५७ची प्रत ‘दुबार’ ठरून निर्लेखनाच्या यादीत जाते आणि मग रद्दीत. ती गेली की पुनर्मुद्रणात काय शुद्ध केले, हे त्या ग्रंथालयात ताडून पाहायला काहीच उरत नाही.