मोडशी

वसईतल्या एव्हरशाईन सिटीत जुलैमध्ये रस्त्यावर तुंबलेलं पाणी ओसरलं की दोन-चार दिवसांत घरोघरी पोटं बिघडतात. अशाच एका पावसाळ्यात आमच्या मजल्यावरच्या आजींचा चार वर्षांचा नातू उलट्या-जुलाबांनी आडवा झाला. आजी मूळच्या कोकणातल्या. म्हणाल्या, "काही नाही, मोडशी झालीय. ओव्याचं पाणी पाजा." सुनेने विचारलं, "आई, मोडशी म्हणजे?" आजींनी सांगितलं, "अगं, अपचन."

आजींचं चुकलं नव्हतं. आज मोडशीचा अर्थ तेवढाच उरला आहे. पण साडेचारशे वर्षांपूर्वी हा शब्द ऐकून याच किनाऱ्यावर माणसं थरथरत.

गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात उतरला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे मुंबई बेट ओर्ताला भाडेपट्ट्याने मिळालं, त्यामुळे हा सगळा मुलूख त्याच्या ओळखीचा होता. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. दोन वैद्यांच्या संवादातून त्यात इथल्या वनस्पती आणि औषधं येतात, आणि एका प्रकरणात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा रोगीही. नाडी जेमतेम लागते, गार घाम सुटतो, डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात. दहा तासांत गेलेला माणूस पाहिला आहे आणि फार टिकला तो चार दिवस, असं ओर्ता सांगतो. या रोगाला इथले लोक 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही ते बिघडवून 'मोर्देशी' म्हणतो, हेही त्याने नोंदवलं आहे. परक्या मुलखात आलेल्या वैद्याने रोगाचं नाव रोग्यांच्याच तोंडून घ्यावं आणि आपला उच्चार चुकतो हे कबूलही करावं, याचं मला फार मोल वाटतं. याच ओर्ताच्या अस्थी त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, उकरून १५८० मध्ये जाळल्या. कारण एकच, तो लपून ज्यू धर्म पाळत होता असा ठपका.

ओर्ताच्या ग्रंथाच्याही आधी, १५४३ मध्ये, गोव्यात या रोगाची साथ आली होती. गास्पार कोरेया हा बखरकार लिहितो की माणसं इतकी मरत होती की गव्हर्नरने चर्चच्या घंटा वाजवायला मनाई केली. त्याच्याही लेखनात रोगाचं नाव इथलंच आहे.

शब्दाचं मूळ 'मोडणे' या धातूत आहे, असं 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ चा कोश सांगतो. आपण आजही म्हणतो, अंग मोडून आलं, माणूस मोडून पडला. पटकीत सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत अक्षरशः मोडतो: गाल बसतात, आवाज खोल जातो, कातडी सुरकुतते. ज्याने कुणी हे नाव ठेवलं, त्याने रोगी जवळून पाहिला होता. शरीरातलं पाणी संपल्यावर माणूस कसा दिसतो, ते या एका शब्दात आहे.

पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशिम' झालं. फ्रेंचांच्या कानाला ते 'मोर द शियाँ' वाटलं, म्हणजे कुत्र्याचं मरण! मराठीत कुत्र्याच्या मौतीने मरणं हा वाक्प्रचार आहेच, पण या नावाशी त्याचा काही संबंध नाही. तो निव्वळ कानाचा घोळ.

उपचार मात्र भयंकर होते. रोग्याच्या पायाला तापलेल्या लोखंडाचे डाग देत. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर, जो वसईलाही येऊन गेला होता, १६७३ च्या सुमाराला लिहितो की मोर्दिशीनमध्ये अगदी निर्दयपणे डाग देतात. ओर्ताही डाग देववत असे.

पण ओर्ताच्या त्याच पानावर आणखी एक ओळ आहे. इथले लोक रोग्याला काय देतात? मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी, कांजी. कोकणातल्या घरांत आजारी माणसाला देतात ती आपली पेजच. पुढची चारशे वर्षं या ओळीचं महत्त्व कुणाच्या लक्षात आलं नाही.

१८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरहून निघालेली साथ पुढच्या वर्षी मुंबईत पोचली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू दाखवला. कोलकात्याचेच शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलं की जंतूचं विष शरीरातलं पाणी आतड्यात खेचतं. १९६० मध्ये जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी सांगितलं की साखर आतड्यात शिरताना मिठाला सोबत घेऊन शिरते. मिठाच्या मागोमाग पाणी जातं. पटकीतही ही वाट बंद होत नाही. तांदळातल्या पिठाची आतड्यात साखरच होते, म्हणून पेजेने रोगी सावरे. चिमूटभर मीठ पडलं की ती खरं औषध झाली.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजायला सांगितलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्के होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. त्यातूनच पुढे आलेलं मीठ-साखरेचं पाकीट महाराष्ट्रात 'जलसंजीवनी' या नावाने पोचलं.

मला वाटतं, पटकी, महामारी, जरीमरी अशा नावांनी मरणाचं ओझं आपल्याकडे घेतलं आणि मोडशीकडे अपचन तेवढं राहिलं. शब्द हलका झाला, रोग मात्र झाला नाही. त्या दिवशी मी आजींच्या नातवाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही, घडी तशीच राहिली. सकाळपासून त्याने लघवी केली नव्हती. डॉक्टरांकडे नेईपर्यंत वाटेत रिक्षात सून त्याला चमच्याने जलसंजीवनी पाजत होती. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सावकाश पाजायचं. रात्री तो उठून बसला. दुसऱ्या दिवशी आजींनी पेज केली आणि त्याने वाटीभर खाल्ली.

पावसाळ्याआधी जलसंजीवनीची दोन पाकिटं घरात आणून ठेवा. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळतात. पाकीट अर्धं वापरू नका, त्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका.