हुजूरबाजार, वसंत शंकर
(१९१९–१९९१). भारतीय संख्याशास्त्रज्ञ. संख्याशास्त्रीय अनुमानाच्या मूलतत्त्वांवरील संशोधनासाठी प्रसिद्ध. जन्म कोल्हापूर येथे. केंब्रिज विद्यापीठात हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. संभाव्यता म्हणजे उपलब्ध पुराव्यावर ठेवता येणाऱ्या विश्वासाचे माप, असे जेफ्रीझ मानत. संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांना ही भूमिका अमान्य होती. हुजूरबाजारांचे संशोधन दोन्ही परंपरांशी निगडित आहे.

नमुन्यातील निरीक्षणांवरून समष्टीच्या अज्ञात स्थिरांकाचा अंदाज करण्यासाठी फिशर यांनी ‘मॅक्सिमम लाइकलिहुड’ पद्धत रूढ केली. या पद्धतीत अंदाज काढण्यासाठी सोडवाव्या लागणाऱ्या समीकरणाला अनेक उत्तरे असू शकतात. काही नियमितताविषयक अटी पाळल्या गेल्यास, नमुना मोठा होत जाताना त्यांपैकी एकच उत्तर खऱ्या मूल्याकडे जाते, हे हुजूरबाजारांनी १९४८ मध्ये दाखविले. स्थिरांकाविषयीची नमुन्यातील सर्व माहिती सामावणाऱ्या ‘पर्याप्त’ राशींचाही त्यांनी सखोल अभ्यास केला.

पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये त्यांनी गणित व संख्याशास्त्र विभाग उभारला. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना या विषयाचे उच्च शिक्षण घरच्या विद्यापीठात मिळू लागले, हे त्यांचे मोलाचे कार्य होय. अ‍ॅडम्स पारितोषिक (१९६०) आणि पद्मभूषण (१९७४) हे त्यांना लाभलेले सन्मान.