मोटारीच्या डिकीतला भुंगेरा

२००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिसरात वाळत चाललेल्या अ‍ॅश वृक्षांच्या सालीखाली आशियातला एक पाचूरंगी भुंगेरा सापडला. बहुधा तो परदेशी मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा. मेलेल्या झाडांची वाढवलये तपासल्यावर दिसले, की १९९०च्या दशकातच त्याने तिथे बस्तान बसवले होते. एवढ्या सवडीत तो स्वतःच्या पंखांवर कितीसा पसरणार? बहुतेक माद्या जवळपासच्याच झाडांवर अंडी घालतात. काही थोड्या चार-दोन किलोमीटर उडतात. तरीही २०१३मध्ये तो शेकडो किलोमीटरची गवताळ मैदाने ओलांडून कोलोरॅडोतल्या बोल्डरला आणि २०२२मध्ये थेट ऑरेगॉनला निघाला. अशा उड्या माणसाच्या वाहनाखेरीज शक्य नाहीत, आणि त्या वाहनात बरेचदा सरपण असायचे, असे मला वाटते.

अ‍ॅशचे लाकूड मुळातच कमी ओले, सरळ फाटणारे, पुरते न वाळवताही बऱ्यापैकी जळणारे. परसातले झाड वठले, की ते तोडून मोळ्या करायच्या आणि सुट्टीत तळ्याकाठी शेकोटीसाठी न्यायच्या, हा तिथला जुना शिरस्ता. साल न काढलेल्या ओंडक्यात अळी जिवंत राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडी भुंगेरा होऊन बाहेर पडते. या मालाला ना बिल, ना परवाना. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे, त्या मिशिगनने मॅकिनॅक पुलाशी सरपणाची तपासणी सुरू केली खरी; पण प्रत्येक रस्त्यावर पूल थोडाच असतो!

रोपवाटिकांचाही दोष होताच: २००३मध्ये मिशिगनची किडकी रोपे मेरीलँडला पोहोचली. पण व्यापारी मालाचा निदान माग काढता येतो. डिकीतल्या मोळीचा काढता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच अ‍ॅशच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. मग सारा खटाटोप व्यर्थच ना? कीड रोखणे एवढेच उद्दिष्ट धरले, तर हो. परंतु ती जिथे उशिरा पोहोचली, तिथे शहरांना निवडक झाडांना कीटकनाशकाची इंजेक्शने देण्याची तयारी करता आली, अ‍ॅशचे बी साठवायला अवधी मिळाला, आणि २००७पासून चीनमधल्या परजीवी गांधीलमाश्या सोडून पाहता आल्या. या माश्यांचा मोठ्या झाडांना अजून फारसा आधार नाही. कोवळ्या झाडांवर मात्र त्यांचा उपयोग दिसू लागला आहे.