पोथी, जाते आणि खंडकाव्य : दक्षिण कोकणातील तरुण शोकाच्या पद्यकथा

कादंबरी हा आज गद्याचा प्रकार मानला जात असला, तरी मराठीत दीर्घ कथा कित्येक शतके पद्यातच रचली, ऐकली आणि पाठ केली जात होती. कोवळ्या वयात जिवलग माणूस गमावणे आणि त्या दुःखासह मोठे होणे, हा विषयही या पद्यकथेला नवा नव्हता. सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा, म्हणजे देवगडपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्याचा आणि त्यामागील कुडाळ-सावंतवाडीच्या मुलखाचा या दृष्टीने विचार केला, तर अशा कथेची तीन रूपे दिसतात : घरात वाचली जाणारी पोथी, जात्यावर गायिली जाणारी ओवी आणि विसाव्या शतकात छापून आलेले खंडकाव्य. विषय तिन्हींत जवळजवळ एकच आहे; ती कथा कोणाच्या तोंडून सांगितली जाते, ही बाब मात्र प्रत्येक रूपात बदलत गेली आणि या परंपरेचा इतिहास खऱ्या अर्थाने त्या बदलाचा इतिहास आहे.

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता आणि त्यातील सावंतवाडी हे १९४८ पर्यंत वेगळे संस्थान होते. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार, अशा या मुलखातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुरुष आगबोटीने मुंबईला जाऊन गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात राबू लागले. या चाकरमान्यांमुळे घरी मनिऑर्डर येऊ लागली, परंतु गावात बायका, म्हातारी माणसे आणि मुले उरली. मुलगा मिसरूड फुटण्याआधीच मुंबईची वाट धरी आणि मुलगी न्हातीधुती होण्याआधीच सासरी जाई. त्यामुळे बालपण आणि प्रौढपण यांच्यामधला, आज किशोरवय म्हणून ओळखला जाणारा काळ बहुतेकांच्या वाट्याला फारसा येतच नसे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविले, तेव्हा तेवढी मर्यादाही अनेकांना धर्मावरचा घाला वाटली, यावरून पूर्वीची स्थिती काय असेल याची कल्पना येते.

या समाजात घरोघरी पोहोचलेली पद्यकथा म्हणजे पोथी होय. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ चातुर्मासात आणि विशेषतः श्रावणात वाचले जात. १७१८ मध्ये पूर्ण झालेले ‘शिवलीलामृत’ ओवी छंदात आहे. ग्रंथातील ओवीला चार चरण असतात. त्यांपैकी पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक साधलेले असते आणि चौथा चरण आखूड व बिनयमकाचा राहतो, त्यामुळे वाचणाऱ्याला तेथे श्वास घेता येतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ मुरवून घेता येतो. गद्याच्या जवळ जाणारा हा सैल छंद कथा लांबवर नेण्यास फार सोयीचा होता आणि अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ऐकून ऐकून अध्यायच्या अध्याय तोंडपाठ होत.

या ग्रंथातील सीमंतिनीचे आख्यान प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने जवळून पाहण्याजोगे आहे. चित्रवर्मा राजाच्या या मुलीला चौदाव्या वर्षी वैधव्य येईल, असे भाकीत एक ब्राह्मण करतो. घाबरलेली मुलगी याज्ञवल्क्यांची पत्नी मैत्रेयी हिच्याकडे जाते आणि तिच्याकडून सोमवार-प्रदोषाचे व्रत घेते. पुढे तिचा विवाह चंद्रांगदाशी होतो. तो यमुनेत नौकाविहारास गेला असता नाव उलटते आणि तो बुडतो. माहेर आणि सासर दोन्ही आक्रोशात बुडालेले असताना ही अल्पवयीन मुलगी विधवेचे जिणे पत्करते आणि व्रत मात्र सोडत नाही. अखेरीस तक्षकाच्या नागलोकातून चंद्रांगद परत येतो. ज्या किनाऱ्यावर तरी आणि होडी हे रोजचे वाहन होते आणि समुद्रात गेलेला माणूस परत येईलच याची खात्री कोणी देत नव्हते, तेथे या आख्यानातील बुडालेली नाव श्रोत्यांना दूरची वाटण्याचे कारण नव्हते. तथापि पोथीतील सीमंतिनी स्वतः बोलते ती थोडेच. तिचे दुःख कवी सांगतो, पुराणिक वाचतो आणि व्रताच्या फळाने ते मिटते. हरवलेले माणूस परत येणे ही या कथेची अट आहे, आणि प्रत्यक्षात ते परत येत नाही, या अनुभवाला पोथीत जागा नाही.

ती जागा जात्यावरच्या ओवीत होती. पहाटेच्या अंधारात तांदूळ, नाचणी किंवा उडीद दळताना एकटी बाई किंवा समोरासमोर बसलेल्या दोघीजणी खुंट्याच्या फेऱ्यावर ज्या ओव्या गात, त्यांतील चरण ग्रंथातील ओवीपेक्षा मोकळे असून त्यांची लांबी दळण्याच्या लयीवर ठरे. या ओव्या सुट्या असत, पण गाणारी त्या एकापुढे एक जोडीत जाई आणि त्या जोडणीतून तिचे चरित्र उभे राही : आईच्या मांडीवरचे बाळपण, भावाची वाट पाहणे, सासरचा वनवास, पाळण्यातले मूल आणि शेवटी आईच्या मृत्यूनंतर परके झालेले माहेर. आई गेली की माहेर संपले, ही या ओव्यांतील मोठी शोककल्पना आहे. मुलीचे मोठे होणे तेथे वयाने ठरत नाही, आधार सुटण्याने ठरते. मयताच्या घरी हेल काढून रडण्याची जी रीत होती, तिच्यातही गेलेल्या माणसाचे गुण, त्याचे अर्धवट राहिलेले बेत आणि मागे उरलेल्यांची दैना ओळीमागून ओळ सांगितली जाई. त्यामुळे शोक आणि कथन हे दोन्ही एकाच सुरात चालत. चारचौघांत जे बोलणे उद्धटपणाचे ठरले असते, ते ओवीत खपून जाई, कारण ओवी सर्वांची असते आणि ती एका बाईची तक्रार मानली जात नाही.

या ओव्या कागदावर येण्यास उशीर झाला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या १९४० मधील संग्रहात त्या आई, भाऊ-बहीण, बाळ अशा विषयांनुसार लावल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येऊ लागल्या. मात्र विषयवार मांडणीत ओवी सुरक्षित राहिली, तरी एका बाईने एका पहाटे ज्या क्रमाने ती गायिली, तो क्रम सहज हरवतो, आणि कथा होती ती त्या क्रमात. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्यावर मूळ प्रसंगच संपला.

पोथी आणि ओवी यांच्यामध्ये कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील चित्रकथीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. चित्रकथी म्हणजे कागदावरील चित्रे एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगण्याची कला. ठाकर समाजाने ती जपली आणि सावंतवाडीच्या राजघराण्याने तिला आश्रय दिला. एका आख्यानाच्या चित्रसंचालाही येथे पोथीच म्हणतात. सूत्रधार वीणा घेऊन गातो, साथीला टाळ आणि हुडूक हे छोटे चर्मवाद्य असते, आणि गाणे व गद्य निरूपण आलटून पालटून चालते. अक्षर न वाचणाऱ्या पोरांनाही कथा डोळ्यांनी वाचता येईल, अशी ही सोय होती. या कलेची जपणूक करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु येथेही शोक करणारी पात्रे राजघराण्यांतील आहेत. श्रोत्यांतील मुलाचे दुःख त्यांच्या आडूनच व्यक्त होते.

छापील साहित्यात हा विषय प्रथम गद्यात आला. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही हिंदू विधवांच्या स्थितीवरच आहे. पद्याने तो विषय पुन्हा हाती घेतला तो खंडकाव्याच्या रूपाने. महाकाव्यासारखा देवादिकांचा आणि राजवंशांचा पसारा न मांडता जीवनाच्या एका खंडाची कथा सांगणारे काव्य म्हणजे खंडकाव्य, आणि १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवींनी त्याला समकालीन, मध्यमवर्गीय आणि तरुण पात्रे दिली. गिरीश यांचे ‘अभागी कमल’ (१९२३) हे एका तरुण विधवेच्या दुःखाची कथा सांगते, माधव जूलियन यांचे ‘विरहतरंग’ (१९२६) शिकणाऱ्या तरुण-तरुणीच्या विफल प्रेमाची, तर यशवंतांचे ‘बंदीशाळा’ (१९३२) गुन्हेगार ठरलेल्या मुलांची. मंडळाचे कवी आपल्या कविता जाहीरपणे गाऊन दाखवीत, त्यामुळे ही पद्यकथा पुन्हा एकदा कानावर पडू लागली. आशयाच्या दृष्टीने पाहता सीमंतिनी आणि कमल यांच्यामध्ये फार मोठा पल्ला आहे, कारण कमलच्या कथेत दैवी सुटका नाही आणि दोष रूढीकडे जातो. निवेदनाच्या दृष्टीने मात्र तो पल्ला तितका मोठा नाही : मुलीचे दुःख आता पुराणिकाऐवजी सुधारक कवी सांगतो.

याच सुमारास कोकणातील मोठे होण्याची सर्वांत वाचली गेलेली कथा गद्यात अवतरली. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ दापोलीजवळच्या पालगडच्या, म्हणजे त्या वेळी मालवणसह एकाच रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या गावच्या आठवणींवर उभी आहे. तिची रचना पोथीसारखी रात्रीरात्रीने चालते आणि शेवट आईच्या मृत्यूने होतो. दुःख भोगलेला मुलगाच ते सांगतो, हे तिचे नावीन्य होते. तिच्या प्रभावाने मराठी किशोर वाचकाच्या मनात शोक आणि गद्य यांची सांगड पक्की झाली आणि खंडकाव्याचा बहरही पुढील दोन दशकांत ओसरला.

स्वातंत्र्यानंतर मराठी कवितेला या किनाऱ्याने तीन मोठे कवी दिले. देवगड तालुक्यातील धालवलीत १९१८ मध्ये जन्मलेले विंदा करंदीकर आणि वेंगुर्ल्यात १९२९ मध्ये जन्मलेले मंगेश पाडगावकर या दोघांनीही मुलांसाठी विपुल लिहिले. करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ तर एकाच कल्पित देशाभोवती फिरणारी सलग बालकविता आहे. परंतु या बालकवितेचा मुख्य स्वर विनोदाचा, खेळाचा आणि कल्पनेच्या भरारीचा आहे. मृत्यूचा अनुभव घेतलेल्या मुलाशी बोलण्याचे काम तिने अंगावर घेतले नाही. तिसरे कवी चिं. त्र्यं. खानोलकर तथा आरती प्रभू यांचा जन्म १९३० मध्ये तेंडोलीजवळच्या बागलांची राई येथे झाला. कुडाळात घरची खानावळ चालवीत त्यांनी तरुणपणीची कविता लिहिली आणि १९५९ मध्ये ते मुंबईस गेले. ‘जोगवा’ (१९५९), ‘दिवेलागण’ (१९६२) आणि ‘नक्षत्रांचे देणे’ (१९७५) या संग्रहांत उणीव, ओढ आणि मृत्यूची जाणीव भरून राहिली आहे, पण ती कथेत गुंफलेली नाही. उलट समाजाने वाळीत टाकलेल्या मुलीची ‘चानी’ ही कथा त्यांनी गद्यात लिहिली. शोक कवितेकडे आणि कथानक कादंबरीकडे, अशी ही वाटणी एकाच लेखकाच्या हातून इतक्या स्पष्टपणे झालेली क्वचितच दिसते.

इंग्रजीत विसाव्या शतकाच्या अखेरीस नेमकी उलट हालचाल झाली. कॅरन हेस यांच्या ‘आउट ऑफ द डस्ट’ (१९९७) या पद्यकादंबरीत ओक्लाहोमातील धुळीच्या वादळांच्या काळातील एक चौदा वर्षांची मुलगी आईच्या मृत्यूनंतरचे आपले जगणे छोट्या छोट्या, तारखा घातलेल्या मुक्तछंद कवितांतून सांगते. क्वामे अलेक्झांडर यांच्या ‘द क्रॉसओव्हर’ (२०१४) मध्ये बास्केटबॉल खेळणारा मुलगा वडिलांचा मृत्यू सांगतो आणि त्याच वर्षीच्या पद्मा वेंकटरामन यांच्या ‘अ टाइम टू डान्स’ मध्ये चेन्नईतील नर्तकी मुलगी अपघातात पाय गमावल्यानंतरची वाटचाल सांगते. या प्रकाराचे बळ दोन गोष्टींत आहे : बोलणारे तोंड त्या मुलाचे किंवा मुलीचेच असते, आणि सुट्या कवितांमधील मोकळी जागा जे बोलवत नाही ते सांभाळते.

या दोन कसोट्या लावल्या, तर मराठी खंडकाव्य या पद्यकादंबरीचे पूर्वज ठरत नाही, कारण त्यातील कथन सलग आणि कवीच्या मुखातले आहे. पोथीही ठरत नाही, कारण तिचा शेवट आधीच ठरलेला असतो. जात्यावरच्या ओवीत मात्र दोन्ही गोष्टी होत्या : ती सुटी होती, जोडणीतून कथा होत होती आणि ज्या मुलीने लहान वयात माहेर सोडले तीच ती गात होती. तिला लेखकाचे नाव मिळाले नाही आणि तिच्या ओव्यांचा क्रम कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून मराठी वाङ्मयेतिहासात ती लोकसाहित्याच्या प्रकरणात राहिली आणि कादंबरीचे प्रकरण तिच्यावाचून सुरू झाले. आज या जिल्ह्यात मुलगी चौदाव्या वर्षी शाळेत असते, मोठे होण्यासाठी तिला पूर्वी न मिळालेली काही वर्षे मिळतात आणि मालवणी बोलीतली कविताही छापली जाऊ लागली आहे. येथील किशोरवयीन शोकाची पद्यकथा पुढे कोणी लिहिली, तर तिला रचनेचा नमुना परदेशातून आणण्याची किंवा रविकिरण मंडळाकडे परत जाण्याची गरज पडू नये. तो नमुना पणजीच्या पिढीपर्यंत याच घरांत रोजच्या वापरात होता.